स्थाणुच्छेद

झाड तोडावे की तोडू नये, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. व्याख्याने झाली, कायदे झाले, वृक्षारोपणाचे सप्ताहही पार पडले. परंतु झाड तोडल्यानंतर जमिनीत जे उरते त्याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. लाकूड व्यापाऱ्याच्या गाडीतून जाते, फांद्या सरपणाला जातात, पाला जागीच कुजतो. आणि वीत-दोन वीत उंचीचा खुंट तेवढा आपल्या जागी राहतो. पूर्वी तो वर्षानुवर्षे राहत असे. त्याला गुरे बांधली जात, दमलेला माणूस त्यावर टेकत असे, आणि नांगर त्याला वळसा घालून पुढे जाई. आता नांगराच्या जागी लहान ट्रॅक्टर आला आहे. माडा-पोफळींच्या ओळींतून, काजूच्या उतारावरून, जेथे मोठे यंत्र शिरूच शकत नाही अशा अरुंद तुकड्यांतून तो सहज फिरतो. आणि त्याच्या मागे साखळी बांधून खुंट उपटणे हे एका दुपारचे काम झाले आहे.

आमच्यापुढे प्रश्न आहे तो असा: ज्याला झाड तोडण्याचा अधिकार आहे, त्याला त्याचे मूळ उपटण्याचाही अधिकार आपोआप मिळतो काय? की तो दुसराच अधिकार आहे, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा?

प्रथमदर्शनी हा शब्दच्छल वाटेल. झाडच गेले, आता मुळाचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. तथापि तोडणे आणि उपटणे यांतील भेद आपल्या पूर्वजांनी फार जुन्या काळी ओळखला होता. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, जनकाच्या सभेत शाकल्याचा वाद संपल्यावर, याज्ञवल्क्य उरलेल्या ब्राह्मणांनाच उलट प्रश्न करतो. माणूस हा वृक्षासारखा आहे, असे तो सांगतो; केस ही त्याची पाने, त्वचा ही त्याची साल. वृक्ष तोडला तर तो मुळापासून पुन्हा नवा वाढतो; मग मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळापासून वाढतो? आणि तेथेच तो पुढे म्हणतो की, वृक्ष मुळासकट उपटला तर मात्र तो पुन्हा उगवत नाही. सभेतील कोणालाही उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाची आध्यात्मिक खोली बाजूला ठेवली तरी त्यातील साधे निरीक्षण शेतकऱ्याचे आहे. तोडलेले झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे. साग तोडला की पावसाळ्याच्या आरंभी खुंटाच्या सालीखाली निजलेले डोळे जागे होतात आणि भोवती धुमारे फुटतात. मुळांत साठवलेले अन्न त्यांना पुरते. निलगिरीची लागवड करणारे याच गुणावर एका लागवडीतून पुन्हा पुन्हा तोडणी करतात. म्हाताऱ्या काजूचे खोड खालून कापून, फुटलेल्या धुमाऱ्यांवर चांगल्या जातीचे कलम बांधण्याची रीतही आता परिचयाची झाली आहे. माड आणि पोफळ यांना हे भाग्य नाही. त्यांचा सगळा जीव शेंड्यात. शेंडा गेला की खाली उरतो तो खरोखरीच निर्जीव बुंधा.

म्हणजे तोडणे ही परत फिरवता येण्याजोगी क्रिया आहे, निदान कित्येक झाडांच्या बाबतीत. उपटणे ही परत न फिरवता येणारी. नीतीच्या विचारात हा भेद लहान नव्हे. शिक्षा आणि देहान्त शिक्षा यांत जो भेद आहे, गहाण आणि विक्री यांत जो आहे, तो येथेही आहे.

आता दुसरी बाजू पाहू, आणि ती दुर्बळ नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात संतती कोणाची, क्षेत्राची की बीजाची, असा वाद चालला आहे. त्या ओघात एक दृष्टांत येतो: पृथूने जिला वश केली ती भूमी पृथूची म्हणतात, ज्याचा बाण आधी लागला, हरीण त्याचे, आणि ज्याने खुंट काढला, शेत त्याचे. वकिलाच्या नजरेला येथे एक गोष्ट विशेष वाटते. हा जमिनीच्या मालकीचा नियम म्हणून मांडलेला नाही. दुसरेच काही सिद्ध करण्यासाठी दिलेला तो दाखला आहे. दाखला तोच दिला जातो जो सर्वांना आधीच मान्य असतो. म्हणजे खुंट काढणाऱ्याचे शेत ही समजूत त्या काळी इतकी रूढ होती की तिच्यावर वाद होतच नव्हता. श्रम ओतल्याने मालकी उत्पन्न होते, हे तत्त्व इंग्रज तत्त्वज्ञ लॉक याने सतराव्या शतकात मांडले म्हणून आम्हांस महाविद्यालयात शिकवले गेले. आपल्याकडे ते एका सामासिक शब्दात सांगून झाले होते.

गोव्याच्या गांवकरीची परंपरागत हकीकतही याच जातीची आहे. 1526 साली अफोंसो मेशियाच्या फोरालात गांवांच्या चालीरीती लेखी नमूद झाल्या, त्यात गांवकरांचे मूळ सांगितले आहे ते असे की, ओसाड जागी काही माणसे येऊन राहिली, त्यांनी ती जमीन लागवडीस आणली, आणि म्हणून गांवाची व्यवस्था त्यांच्याकडे व त्यांच्या वंशजांकडे राहिली. ओसाड जागा लागवडीस आणली, या चार शब्दांत किती खुंट असतील याची कल्पना ज्याने हातात पिकास धरली आहे त्यालाच येईल. एका मोठ्या फणसाचा खुंट भोवतीने खणून, आडवी मुळे एकेक तोडून, सोटमुळापर्यंत पोचून तो बाहेर काढणे हे दोन-तीन धडधाकट माणसांचे कित्येक दिवसांचे काम होते. जो हे करी त्याला जमिनीवर हक्क सांगण्याचे तोंड होते, हे कोण नाकारील?

परंतु पिकास ज्याच्या हातात होती त्याच्याच नावावर जमीन लागली काय? येथे आपणा सुशिक्षितांची जीभ अडखळते. मजुराने खुंट काढला तर श्रम धन्याचेच धरले गेले. कुणबी, गावडे, वेळीप यांनी उघडी केलेली किती भाटे दुसऱ्यांच्या नावे नोंदली गेली, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. ही जमीन आमच्या आज्याने खुंट काढून केली, असे कोर्टात शपथेवर सांगणारे कूळ आणि त्यासमोर आलवारा घेऊन उभा असलेला भाटकार, हे चित्र गोव्याच्या वकिलांना अपरिचित नाही. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक ठरवले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली. वस्तुतः त्यात मनूच्या दाखल्याहून वेगळे फारसे काही नव्हते.

याहूनही चमत्कारिक गोष्ट कुमेरीची आहे. सह्याद्रीच्या उतारावर, गोव्यात आणि कानडा प्रांतात, डोंगराचा तुकडा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरण्याची रीत होती. उत्तर कोकणात तिला दळी म्हणत. कुमेरीवाला झाड गुडघ्याएवढे राखून तोडी आणि खुंट तसेच ठेवी. दोन-एक पिके निघाली की तो दुसरीकडे जाई. मागे खुंट फुटत आणि रान पुन्हा भरून येई. ब्रिटिश कानडात 1860 च्या सुमारास या पद्धतीवर कडक निर्बंध आले, जंगलाचा नाश होतो म्हणून. जंगलाचा नाश होत नव्हताच असे आम्ही म्हणत नाही. लोकसंख्या वाढून पाळी लवकर येऊ लागली तेव्हा नाश झालाच. परंतु कायद्याच्या दृष्टीने कुमेरीवाल्याचा खरा दोष वेगळाच होता: त्याने खुंट काढला नाही, म्हणून त्याचे शेत झाले नाही. ज्याने मूळ राखले तो अतिक्रमक ठरला आणि ज्याने मूळ उपटले तो मालक. 2006 चा वनहक्क कायदा होईपर्यंत या हिशेबात फरक पडला नाही, आणि पडला तोही अर्धामुर्धा. आपल्या मालकीच्या कल्पनेतच उपटण्याला बक्षीस ठेवलेले आहे, असे म्हणावे लागते. भाषाही त्याच वळणाची आहे. पाळेमुळे खणून काढणे, समूळ उच्चाटन, निर्मूलन, हे सारे शब्द आपण अभिनंदनाच्या स्वरात उच्चारतो. दर्भ पायाला टोचला म्हणून त्याच्या मुळांत ताक ओतणाऱ्या चाणक्याची कथा मुलांना आपण कौतुकाने सांगतो. दर्भाची बाजू कोणी मांडत नाही.

आता यंत्राकडे वळू. पंधरा ते तीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर हे फार उपकारक यंत्र आहे, आणि त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या कामाने माणसांच्या पाठी मोडल्या ते काम लोखंडाने केले तर त्यात दुःख कसले? पण खुंटाच्या बाबतीत या यंत्राचा एक धर्म समजून घेतला पाहिजे. ते वजनाने टनाच्या अलीकडे-पलीकडे असते. रुजलेल्या झाडाची पकड याहून कितीतरी मोठी. साखळी बांधली, गती दिली, आणि खुंट हलला नाही, तर मागची चाके जागीच रुततात. त्यांना फिरता येत नाही म्हणून यंत्राचे धडच मागच्या आसाभोवती फिरू पाहते. पुढची चाके उचलली जातात. साखळी आसाच्या वर, बसण्याच्या जागेजवळ कोठे बांधली असेल, तर पुढे काय झाले हे चालकाला कळण्याआधी ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलथलेला असतो. म्हणून साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी, आसाच्या वर कधीही नाही. चालकामागे संरक्षक कमान असावी व पट्टा आवळलेला असावा. ताणलेल्या साखळीच्या वा दोराच्या आसपास कोणी उभे राहू नये, कारण तुटलेले टोक चाबकासारखे परतते. या गोष्टी जाणणारे लोक आणखी एक सांगतात की, खुंट काढावयाचाच असेल तर झाड तोडताना खोड छातीएवढे राखावे, म्हणजे ओढताना तरफ मिळते. आधी भोवतीची माती काढावी, आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावी, एक-दोन दिवस पाणी जिरू द्यावे, मग हलक्या हाताने ओढावे. मुळे न उपटता नुसता वरचा भाग दात्यांच्या फिरत्या चाकाने भुगा करून टाकणारी अवजारेही ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर चालतात. त्यांनी जमिनीखाली वीतभर जाता येते, खालची मुळे कुजत राहतात.

ज्याच्या अंगावर यंत्र उलथते तो बहुधा भाड्याने आलेला चालक असतो, मालक नव्हे. तासाच्या हिशेबाने आलेल्या माणसाला घाई असते आणि घाई त्याला आपणच लावलेली असते. कायद्याने कामगाराला नुकसानभरपाई मिळते की नाही, हा वाद पुढे कोर्टात चालतो. साखळी कोठे बांधली, हे पाहण्याची जबाबदारी त्या दुपारी कोणाची होती, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

यंत्राने माणसाचे श्रम वाचवले. पण श्रमांबरोबर आणखी एक गोष्ट वाचली, तिचे नाव विचार. खुंट काढणे अवघड होते तोवर प्रत्येक खुंटापाशी माणूस थांबत असे. हा काढावा की राहू द्यावा? तीन माणसांचे चार दिवस यावर घालवावे इतकी ही जागा मोलाची आहे काय? बहुतेक वेळी उत्तर नाही असे येई, आणि खुंट राही. तेव्हा शेतकरी आजच्यापेक्षा अधिक पापभीरू होता असे मानण्याचे कारण नाही. अवघडपणा हाच एक अलिखित कायदा होता. तो मुळांच्या बाजूने उभा होता, आणि त्याला ना अधिकारी लागे ना दंड. लहान ट्रॅक्टरने हा कायदा रद्द केला. त्याच्या जागी दुसरा कोणता आला? पाहिले तर कोणताच नाही. यंत्र भाड्याने आणलेले आहे, संध्याकाळपर्यंतचे पैसे दिलेले आहेत, तेव्हा आणखी चार खुंट काढून टाका, एवढाच काय तो न्याय उरला आहे.

आजचा लेखी कायदा खुंटाविषयी काय सांगतो, हे पाहणे मनोरंजक आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वृक्ष या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत ताड-माडांसारखी झाडे, झुडपे आणि वेत यांबरोबर खुंटही आहेत. वनाच्या कायद्याला खुंट हा वृक्षच वाटतो. याज्ञवल्क्याशी हे जुळते. बांबू मात्र त्याच व्याख्येतून 2017 साली गळाला. पण तो कायदा वनांपुरता. खाजगी जमिनीवरील झाडांसाठी गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. तो झाड ओळखतो ते खोडाच्या जाडीवरून व उंचीवरून. खुंटाला उंची ती किती असणार? तोडण्याची परवानगी खोडासाठी मागितली जाते आणि खोडासाठी दिली जाते. मुळाचे नावही निघत नाही. याच कायद्याने 2016 साली माडाला वृक्षांतून वगळले, पुढे 2017 साली माड राज्यवृक्ष झाला. व्याख्येत बसणे-उठणे हे झाडांच्याही नशिबी आहे.

मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा अधिक सूक्ष्म आहे. जमिनीत रुजलेले झाड हे स्थावर. पण उभे इमारती लाकूड हे स्थावर नव्हे. एकच साग आज स्थावर आणि उद्या जंगम कसा होतो? शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या 1958 च्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी याचा ऊहापोह केला आहे. त्याचा इत्यर्थ असा की, झाड लवकरच तोडून लाकूड म्हणून वापरावयाचे आहे, ते आता जमिनीचा रस घेत राहावयाचे नाही, असा हेतू असेल तर ते लाकूड. एरवी ते झाड. म्हणजे भेद झाडात नाही, आपल्या हेतूत आहे. या न्यायाने खोड लाकूड झाले, विकले गेले, गाडीत चढले. मूळ मात्र कोणी विकत घेतले नव्हते, ते लाकूड झाले नाही. ते अजून रस घेते आहे. जमीनमालकाकडे स्थावर म्हणून ते परत आले आहे. खोडाचा हेतू ठरवला तेव्हा मुळाचा हेतू ठरला असे धरणे, हे कायद्यालाही धरून नाही.

यज्ञसंस्थेला ही गोष्ट आपल्याहून अधिक स्पष्ट दिसली होती. यूपासाठी झाड तोडण्याचा विधी शतपथ ब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडात आहे. पहिला घाव घालण्याआधी कुऱ्हाड आणि झाड यांमध्ये दर्भाची काडी ठेवावयाची, आणि कुऱ्हाडीला सांगावयाचे की याला इजा करू नकोस. झाड पडल्यावर अध्वर्यू खोडाबरोबर निघून जात नाही. तो खुंटापाशी परत येतो, त्यावर तुपाची आहुती देतो, आणि झाडाला शंभर धुमाऱ्यांनी वाढण्यास सांगतो. आम्हीही सहस्र धुमाऱ्यांनी वाढू, असे म्हणतो. खुंटाला तेथे स्वतंत्र नावही आहे: आव्रश्चन. कोणी म्हणेल, तोडून वर तूप ओतणे हा दंभ झाला. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला खोड हवे आहे त्याने मुळाशी असलेले नाते तोडू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि त्याच विधीत एक व्यवहारी सूचना आहे, ती वाचून आम्हांस त्या ऋषींविषयी विशेष आपुलकी वाटली: झाड इतके खालून तोडावे की खुंटाला गाडीचा आस अडू नये. वाट मोकळी हवी, आणि मूळही राहावयास हवे. ट्रॅक्टरचा आस जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजून तोडणाऱ्याला आजही ही सूचना पुरते.

मंदिरांशी ज्यांचा संबंध आहे अशा वाचकांना खुंट हा शब्द केवळ शेतीचा नाही. स्थाणू हे शंकराचे नाव आहे. कुरुक्षेत्राजवळच्या ठाणेसर या गांवाचे नाव स्थाण्वीश्वरावरून आले. आणि आपल्यांतील कित्येक कुळांचा इतिहासच खुंटाचा आहे. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतील देवळे पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळला. वर दिसणारे सारे गेले. पण कुळाच्या तोंडी मूळ स्थान राहिले, म्हणून साडेचारशे वर्षांच्या अंतराने वेरण्याला म्हाळसेचे देऊळ पुन्हा उभे राहू शकले. सत्तरीत केरीची अजोबाची राय किंवा बांबरची निरंकाराची राय पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, अशा राईत पडलेली सुकी काटकीही देवाची समजली जाते. तेथे खुंट उपटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न उद्भवतो तो राईच्या बाहेर, देवाच्या नावे असलेल्या भाटात, बागायतीत, मोरडीत.

अशा जमिनीविषयी हिंदू विधीची भूमिका स्पष्ट आहे. देवता ही कायद्याने व्यक्ती, आणि तिच्या मालमत्तेचा कारभार अज्ञान मुलाच्या मालमत्तेसारखा दुसऱ्याने पाहावयाचा. 1856 साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाच्या कारभाऱ्याचे अधिकार मर्यादित केले: गरज असेल, किंवा मालमत्तेचे हित होत असेल, तरच तिच्या मुळाला हात लावता येईल. पुढे हीच कसोटी देवस्थानांच्या व्यवस्थापकांनाही लागू झाली. उत्पन्न घ्यावे, मुद्दल मोडू नये. गोव्यातील देवस्थाने 1933 च्या नियमावलीखाली चालतात आणि महाजनांचे अधिकार तीत सांगितले आहेत. पण कारभारी हा मालक नव्हे, हे तत्त्व कोणत्याही नियमावलीच्या आधीचे आहे. आता खोड हे उत्पन्न आणि मूळ हे मुद्दल, असे म्हटले तर उपमा ताणली असे कोणी म्हणणार नाही. येथे ती उपमाच नाही, शब्दशः खरे आहे. खोड तोडण्यास जे कारण पुरे, ते मूळ उपटण्यास पुरेलच असे नाही. त्यासाठी निराळी गरज, निराळे हित दाखवता आले पाहिजे. आणि घरच्या जमिनीच्या मालकाने स्वतःला यातून सूट द्यावी असे आम्हांस वाटत नाही. तोही नातवंडांचा कारभारीच आहे.

ही कसोटी लावली म्हणजे प्रत्येक खुंट राखलाच पाहिजे असे निघत नाही. काजूच्या झाडाला खोडकिडा लागून ते मेले असेल, तर त्याचा खुंट मुळांसह काढून टाकणे हेच कर्तव्य आहे. आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन ते शेजारच्या निरोगी झाडांवर जातात, आणि शास्त्रज्ञांचा सल्लाही तोच आहे. माडाचा कुजका खुंट म्हणजे गेंड्या भुंग्याचे बाळंतघर. तो तसाच ठेवणाऱ्याने शेजाऱ्याच्या माडांचे नुकसान पत्करले असे समजावे. येथे ट्रॅक्टर जरूर आणावा, आणि लवकर आणावा. सपाट मळ्यात पीक घ्यावयाचे आहे व खुंटाने नांगरट अडते, तेथेही हित उघड आहे.

याच्या उलट डोंगर-उतार. गोव्याच्या जांभ्या उतारावर वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो तो मातीला मुळांनी धरून ठेवले आहे या भरवशावर. झाड तोडल्यावर खुंट फुटला तर मुळे जिवंत राहतात. नाही फुटला तर ती काही वर्षांनी कुजून सोडून देतात. पण उपटला तर धरून ठेवणारे त्याच दिवशी जाते, वर मोकळी भुसभुशीत माती आणि खड्डा राहतो. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गांव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण उतारावरील झाडतोड आणि यंत्रांनी केलेले सपाटीकरण यांचीही चर्चा तेव्हा झाली. त्या एका घटनेवरून सिद्धांत बांधण्याचे कारण नाही. उतारावरचा खुंट हे मुद्दल आहे, एवढे कळण्यास ती पुरेशी आहे.

आणि मग राहतात ती मधली प्रकरणे, ज्यांत खरी परीक्षा आहे. जत्रेला गाड्या उभ्या करण्यास जागा हवी. आवार साफ दिसावयास हवे. अमक्या दानशूर भक्ताने ट्रॅक्टर एक दिवस फुकट देऊ केला आहे. यांत गरज कोणती आणि सोय कोणती? आमचे मत असे आहे की फुकट मिळालेला ट्रॅक्टर हे कारण मुळीच नव्हे, आणि आवाराची शोभा हे फार दुबळे कारण आहे. गाड्यांच्या जागेचे कारण विचारात घेण्याजोगे आहे, पण वर्षातून चार दिवसांसाठी बारा महिन्यांचे मूळ द्यावे काय, हे महाजनांनी बसून ठरवावे. संध्याकाळी दूरवर दिसणारी आकृती खुंट की माणूस, हा संशयाचा दृष्टांत आपल्या न्यायशास्त्रात नेहमी येतो. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय तो संशय फिटत नाही. कार्यालयातील टेबलावर नकाशा पसरून, यंत्राचे तास मोजून, तो फिटणार नाही.

म्हणून देवस्थानाच्या बैठकीपुढे असा विषय येईल तेव्हा झाडे तोडण्याचा ठराव आणि खुंट काढण्याचा ठराव हे दोन वेगळे ठराव असावेत, आणि दुसरा ठराव पहिल्यानंतर निदान एक पावसाळा उलटल्यावर यावा. तोवर कोणता खुंट फुटला आणि कोणता मेला हे दिसते. किडीचा संशय असलेला काजू आणि माडाचा बुंधा एवढेच या अटीतून सुटावेत. यादीत प्रत्येक खुंटापुढे झाडाची जात, जागा सपाट की उताराची, आणि काढण्याचे कारण लिहावे. यंत्र भाड्याने आणताना तासाचा दर न ठरवता कामाचा ठरवावा, म्हणजे चालकाला घाई राहणार नाही. साखळी खाली बांधली आहे हे पाहण्यास समितीचा एक सदस्य जागेवर हजर असावा. जे खुंट राखावयाचे ते ट्रॅक्टरच्या आसाखाली राहतील इतके कापून घ्यावेत. पहिल्या पावसात त्यांना पाच-पन्नास धुमारे फुटतील. त्यांतले दोन जोमदार राखून बाकीचे कोयत्याने काढावे लागतात, आणि हे काम दर वर्षी, दोन-तीन वर्षे, कोणीतरी हाताने करावे लागते. त्या माणसाचे नाव ठरावातच घालावे.